अस्सल माल ‘बनावट’ म्हणून कस्टम्सने अडवला तर: सोडवून घेण्याची वाट, पायरीपायरीने

माल बंदरात उतरलेला असतो, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र) दाखल झालेलं असतं, आणि कस्टम्स ब्रोकरचा निरोप येतो: ब्रँडच्या मालकाची हरकत आहे, क्लिअरन्स थांबवलाय. अशा वेळी बरेच आयातदार अधिकाऱ्यापुढे आपला सचोटीचा धंदा सांगत बसतात, किंवा ‘ब्रोकर बघून घेईल’ म्हणून गप्प राहतात. दोन्हीत मोलाचे दिवस जातात. माल सरकारजमा करायला तुमचा हेतू वाईट होता हे कस्टम्सला सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे नुसत्या सचोटीने माल सुटत नाही. तो सुटतो दोन गोष्टींवर: मुदतीचे दिवस आणि कारखान्यापासून तुमच्यापर्यंत न तुटलेली कागदांची साखळी. हा सगळा लेख त्या दोन गोष्टींभोवती आहे.

भारतात या प्रकरणांना बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७ लागू होतात; कस्टम्स कायदा, १९६२ त्यांच्या पाठीशी आहे. नियमांचा सांगाडा जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (बौद्धिक संपदा हक्कांविषयीच्या) कराराच्या कलम ५१ ते ६० वरून घेतलेला आहे, म्हणून इतर देशांतही पायऱ्या साधारण याच क्रमाने येतात. मुदती मात्र वेगळ्या असतात.

आधी विचारा: थांबवलाय, जप्त केलाय की सरकारजमा?

बोलताना सगळेच ‘माल पकडला’ म्हणतात. कायद्यात या तीन वेगळ्या अवस्था आहेत. क्लिअरन्सला स्थगिती नियम ७ खाली येते. माल जागेवरच असतो, फक्त सुटत नाही. जप्ती कस्टम्स कायद्याच्या कलम ११० खाली होते आणि त्यासाठी अधिकाऱ्याकडे ‘तसं मानायला कारण’ असावं लागतं. माल सरकारजमा होतो तो नोटीस, उत्तर आणि सुनावणी झाल्यावर निघणाऱ्या आदेशाने. तुम्ही कुठल्या अवस्थेत आहात त्यावर तुमचा अर्ज, मुदत आणि ज्याच्याकडे जायचं तो अधिकारी ठरतो.

स्थगिती दिल्यावर उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांनी आयातदाराला आणि हक्कधारकाला (ट्रेडमार्कच्या मालकाला) लगेच, कारणांसह कळवायचं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा तोंडी ‘होल्ड’ असतो आणि कागद येतच नाही. ती तोंडी अवस्था एक दिवसही चालू देऊ नका. त्याच दिवशी ईमेल करा: ‘बिल ऑफ एंट्री क्रमांक अमुक, माल तमुक तारखेपासून थांबवलेला आहे. स्थगिती नियम ७ खाली असल्यास तिची तारीख, कारणं, हक्कधारकाचं नाव व पत्ता आणि ही कारवाई हक्कधारकाच्या नोंदणीवरून आहे की विभागाने स्वतःहून केली आहे, हे लेखी कळवावं.’ हक्कधारकाचं नाव-पत्ता मागण्याचा अधिकार तुम्हाला नियम १० देतो. पुढे दिवस मोजायची वेळ आली की हाच ईमेल पुरावा ठरतो.

दिवस मोजा, आणि हालचाल कोणी करायची आहे ते ओळखा

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. सुरुवातीच्या मुदती तुमच्यावर नसतात, हक्कधारकावर असतात.

हक्कधारकाने आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे आधीच नोंदवलेला असेल आणि त्यावरून माल थांबला असेल, तर स्थगितीच्या तारखेपासून कामकाजाच्या १० दिवसांत त्याने कारवाईत सामील व्हावं लागतं. योग्य कारण असेल तर ही मुदत आणखी १० कामकाजाच्या दिवसांनी वाढते. नाशवंत मालासाठी ती ३ दिवस आहे आणि वाढ ४ दिवसांची. विभागाने स्वतःहून माल थांबवला असेल, तर हक्कधारकाने ५ दिवसांत नोटीस देऊन बाँडच्या (हमीपत्राच्या) अटी पूर्ण करायच्या असतात. तो आला नाही तर माल सोडायचा असतो. मात्र ड्युटी, परवाने, लेबलिंग अशा बाकीच्या सगळ्या अटी तुमच्याकडून पूर्ण झालेल्या हव्यात. म्हणून वादाच्या काळात असेसमेंटचं (ड्युटी ठरवण्याचं) एकही काम अर्धवट ठेवू नका. मुदत संपते त्या दिवशी ‘अजून बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) कागद आलेला नाही’ असं निघालं, तर हातातली संधी जाते.

हक्कधारकाला नुसतं पत्र पाठवून भागत नाही. २००७ च्या कस्टम्स परिपत्रकाप्रमाणे त्या विशिष्ट मालासाठी मालाच्या किमतीच्या ११० टक्के रकमेचा बाँड आणि बाँडच्या २५ टक्के तारण त्याला द्यावं लागतं. स्वस्त मालासाठी किंवा पुरावा कच्चा असताना पुष्कळ हक्कधारक इथे पाऊल मागे घेतात. ‘हक्कधारक सामील झाले आहेत का, बाँड कोणत्या तारखेला दिला?’ हे तुम्ही लेखी विचारायलाच हवं.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपायुक्तांना पत्र द्या: स्थगितीची तारीख, मोजलेले कामकाजाचे दिवस, मधल्या सुट्ट्या, आणि नियम ७ प्रमाणे माल सोडण्याची मागणी. उत्तर आलं नाही तर प्रत आयुक्तांना पाठवा. तरीही हालचाल नसेल तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे तुमची तारीखवार पत्रंच बोलतात.

माल भारताबाहेर अडकला असेल तर घड्याळ उलट्या बाजूने चालू शकतं. अमेरिकेत ट्रेडमार्कच्या संशयावरून माल रोखला की आयातदाराला कळवल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत माल अस्सल असल्याची माहिती द्यायची असते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमावलीत याहून कठोर तरतूद आहे: १० कामकाजाच्या दिवसांत तुम्ही माल नष्ट करण्याला विरोध कळवला नाही, तर तुमची संमती गृहीत धरली जाऊ शकते. तिथून पत्र आलं की सविस्तर पुरावा तयार होण्याची वाट बघू नका, आधी एका ओळीत विरोध नोंदवा.

डिमरेजची तजवीज पहिल्याच आठवड्यात

वाद जिंकूनही माल सोडवणं परवडू नये, अशी वेळ भाडं, डिमरेज (माल मुदतीपेक्षा जास्त पडून राहिल्याचा आकार) आणि कंटेनर डिटेन्शन (शिपिंग लाइनचा कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) आणतात. कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली, क्लिअरन्स प्रलंबित असताना माल सार्वजनिक गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. ती ३० दिवसांची असते आणि वाढवता येते. माल गोदामात गेला की कंटेनर रिकामा होऊन शिपिंग लाइनचं मीटर थांबतं.

शिवाय २००९ च्या कस्टम्स क्षेत्रातील माल हाताळणी नियमावलीत नियम ६(१)(एल) आहे: कस्टम्सने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर कस्टोडियनने (माल ताब्यात ठेवणाऱ्या टर्मिनल किंवा गोदामचालकाने) भाडं वा डिमरेज आकारू नये. यासाठी कस्टम्सकडून डिटेन्शन सर्टिफिकेट (माल कस्टम्सने अडवल्याचा दाखला) लागतं आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाही. शिपिंग लाइन किंवा टर्मिनल ते मुकाट्याने मानतीलच असं नाही, तरी कागद हातात असला की भांडायला पाया मिळतो.

आरोप नेमका काय आहे?

माझ्या मते निम्मी प्रकरणं या एका प्रश्नावर सुटतात, आणि हाच प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. हक्कधारकाच्या प्रतिनिधीचं पत्र मिळवा आणि शब्दन् शब्द वाचा. ‘हा माल आमच्या कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही’ हा बनावटपणाचा आरोप आहे. ‘हा माल आमच्या अधिकृत वितरकामार्फत आलेला नाही’ किंवा ‘या बाजारपेठेसाठी नाही’ हा बनावटपणाचा आरोपच नव्हे. ती समांतर आयात, म्हणजे व्यापारी ज्याला ग्रे मार्केट म्हणतात ती. पत्रात ही दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळलेली असतात आणि शीर्षकात मात्र ‘बनावट मालाबाबत’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम ३०(३) सांगतं की ट्रेडमार्कच्या मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला माल तुम्ही कायदेशीररीत्या घेतला असेल, तर तो पुढे विकणं हे उल्लंघन ठरत नाही. ‘बाजारात’ म्हणजे फक्त भारतीय बाजारात की जगातल्या कोणत्याही बाजारात, यावर वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग प्रकरणात जागतिक बाजार असा अर्थ लावला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळानेही आपल्या कार्यालयांना समांतर आयातीबाबत स्पष्टीकरण पाठवलं होतं. तुमचं प्रकरण या प्रकारातलं असेल तर उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात हे यायला हवं.

पण इथे एक खाचखळगा आहे. कलम ३०(४) प्रमाणे माल बाजारात आल्यावर त्याची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल, तर मालक हरकत घेऊ शकतो. वाटेत कोणी पुन्हा पॅकिंग केलं, सिरियल नंबर खरवडले, मुदतीचा शिक्का बदलला, तर माल अस्सल असूनही बचाव ढासळतो. समांतर आयात वैध असली तरी एमआरपी आणि आयातदाराच्या नाव-पत्त्याचं लेबल, बीआयएस, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) हे नियम सुटत नाहीत.

आरोप पेटंटवर बेतलेला असेल तर लक्षात ठेवा: जून २०१८ च्या दुरुस्तीने पेटंट या नियमांतून वगळलं आहे. आणि हक्कधारकाची नोंद तपासा. त्याचा ट्रेडमार्क चालू आहे का? तुमचा माल ज्या वर्गात बसतो त्या वर्गात तो नोंदलेला आहे का? कस्टम्सकडचा यूपीआरएन (हक्काच्या नोंदणीचा) क्रमांक वैध आहे का?

साखळी जुळवा

‘माझ्याकडे इनव्हॉइस आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. नकली माल विकणाराही इनव्हॉइस देतो. तुमच्या विक्रेत्याने माल कुठून घेतला, त्याआधी तो कोणाकडे होता, आणि ही रांग उत्पादकाच्या अधिकृत वितरकापर्यंत पोचते का, हे दाखवायचं आहे. प्रत्येक कडीला तीन कागद शोधा: खरेदीचं बिल, पैसे गेल्याची बँकेची नोंद, माल हलल्याचा वाहतुकीचा कागद. एका कडीत एक कागद कमी असेल तर चालून जातं. एखादी कडीच नसेल तर समोरचा वकील नेमकं तिथे बोट ठेवतो.

परदेशी विक्रेता आपला स्रोत उघड करायला हमखास नाखूश असतो, कारण ब्रँडला कळलं तर त्याचा पुरवठा बंद होईल अशी त्याला भीती असते. ती भीती खोटी नाही. त्याला सांगा की किमती झाकून बिल द्या, पण बिल क्रमांक, तारीख, मॉडेल आणि बॅच नंबर दिसू द्या. हवं तर थेट कस्टम्सला पाठवा. ते कागद ‘गोपनीय व्यापारी माहिती’ असा शेरा मारून वेगळ्या लिफाफ्यात सादर करा आणि हक्कधारकाला न दाखवण्याची विनंती लेखी करा.

यातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात उपयोगी काम म्हणजे नंबर जुळवणं. समजा बेअरिंगचा माल आहे. बाहेरच्या कार्टनवरचा लॉट नंबर, आतल्या पेटीवरचा कोड, बेअरिंगच्या कड्यावर लेझरने कोरलेला नंबर, पॅकिंग लिस्टवरची ओळ आणि अधिकृत वितरकाच्या बिलावरचा नंबर, असे पाच रकाने करा आणि प्रत्येक कार्टनची एक ओळ भरा. पाचही रकाने जुळलेल्या ओळींपुढे ‘छपाई फिकट वाटते’ ही हरकत टिकत नाही. न जुळलेल्या ओळी लपवू नका, वेगळ्या काढा. विक्रेत्याने दोन ठिकाणचा माल एकत्र केला असेल आणि त्यातला थोडा खरोखरच नकली निघाला, तर तेवढाच बाजूला काढून बाकीचा सोडा असं म्हणण्याचा आधार तुम्हाला या तक्त्यातूनच मिळतो.

तपासणीला स्वतः हजर राहा

नियम ८ प्रमाणे हक्कधारक आणि आयातदार, दोघांनाही माल पाहण्याची आणि तपासणीसाठी नमुने घेण्याची संधी द्यायची असते. बऱ्याच वेळा ब्रँडचा माणूस एकटाच येऊन जातो, किंवा मोबाइलवरच्या फोटोंवरून ‘बनावट’ असं प्रमाणपत्र पाठवतो. संयुक्त तपासणीचा अर्ज लवकर करा. नमुने कोणत्या कार्टनमधून काढले, किती, कोणत्या सीलखाली, हे पंचनाम्यात लिहिलं गेल्याशिवाय सही करू नका. असहमती असेल तर सहीच्या वर तसं लिहा.

हक्कधारकाच्या तज्ज्ञाकडे तुलनेचा नमुना मागा, आणि तो कुठला आहे ते विचारा. एकाच ब्रँडचा माल वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत बनतो. बॉक्सवरची भाषा, फॉन्ट, प्लगची रचना, बारकोडची जागा, तेलाचा वास, सगळं वेगळं असू शकतं. भारतासाठीचा नमुना घेऊन तिसऱ्या देशासाठीच्या मालाशी तुलना केली तर फरक दिसणारच. यावर उपाय एकच: ज्या बाजारातला माल आहे तिथल्या अधिकृत दुकानातून तेच मॉडेल बिलासकट विकत घ्या आणि सीलबंद पाकिटात सादर करा. खर्च होतो, पण मोठ्या मालासाठी यासारखा पुरावा नाही.

लेखी उत्तर

उत्तरात राग आणि पार्श्वभूमी दोन्ही नको. क्रम असा ठेवा: मालाचा तपशील, हक्कधारकाच्या पत्रातलं एकेक वाक्य आणि त्याखाली तुमचं उत्तर, पुराव्याच्या परिशिष्ट क्रमांकासह, कलम ३०(३) लागू असेल तर ते, आणि शेवटी मागणी. ‘हक्कधारकाच्या दिनांक अमुकच्या पत्रात माल आपल्या कारखान्यात बनलेला नाही असं कुठेही म्हटलेलं नाही, केवळ वितरण अधिकृत नसल्याचं म्हटलं आहे,’ अशी एखादी ओळ पानभर विनवण्यांपेक्षा जास्त काम करते.

कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खाली समन्स आलं तर जावंच लागतं आणि खरंच सांगावं लागतं. पण तुम्हाला जे ठाऊक नाही ते अंदाजाने सांगू नका. ‘माल बनावट असू शकतो’ हे घाबरून उच्चारलेलं वाक्य पुढे प्रत्येक आदेशात उद्धृत होतं. समन्स आणि पत्रांवर डीआयएन (विभागाच्या प्रत्येक कागदाचा ओळख) क्रमांक आहे का तेही बघा.

आणखी दोन मोह टाळा. ‘लेबल काढून टाकतो, माल सोडा’ असं लिहून देऊ नका. त्यात आरोपाची अर्धी कबुली असते, आणि बेकायदा लावलेलं चिन्ह नुसतं काढून टाकणं ट्रिप्स करारही सहसा पुरेसं मानत नाही. ‘परत पाठवतो’ हाही सोपा मार्ग नाही, कारण उल्लंघन ठरलेला माल आहे त्या स्थितीत परत निर्यात करायला नियमांत सर्वसाधारणपणे मनाई आहे.

जप्ती झालीच तर

हक्कधारक सामील झाला आणि अधिकाऱ्याला उल्लंघनाची खात्री वाटली, तर कलम ११० खाली जप्ती होते. तिथून ६ महिन्यांत कलम १२४ ची कारणे दाखवा नोटीस निघायला हवी. आयुक्त लेखी कारणं नोंदवून आणि तुम्हाला कळवून आणखी ६ महिने वाढवू शकतात. या काळात कलम ११०ए खाली बाँडवर तात्पुरत्या सुटकेचा अर्ज जरूर करा, पण ट्रेडमार्कच्या प्रकरणात तो फेटाळला जाण्याची शक्यता धरूनच चाला.

या टप्प्यावर ‘नोटीस आणि सुनावणी नको असं लिहून द्या, लवकर निकाल लागेल’ असा सल्ला मिळतो. ड्युटीच्या साध्या वादात तो कधी योग्य असतो. मालाच्या अस्सलपणाच्या वादात तो मला घातक वाटतो, कारण नोटिशीतूनच तुम्हाला विभागाचा सगळा पुरावा मिळतो आणि सुनावणीत हक्कधारकाच्या तज्ज्ञाची उलटतपासणी मागता येते. ज्याने फोटो पाहून मत दिलं, त्याला ‘तुम्ही कारखान्याच्या नोंदीत हा बॅच नंबर शोधलात का?’ हा प्रश्न विचारायची दुसरी जागा नाही.

आदेश विरुद्ध गेला आणि तो आयुक्तांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असला, तर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत अपील करायचं. सबळ कारण असेल तर ते आणखी ३० दिवस माफ करू शकतात, त्यापुढे नाही. मूळ आदेश आयुक्तांचा असेल तर थेट सेस्टॅट (सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील) न्यायाधिकरणात, ३ महिन्यांत. अपिलासाठी वादातील शुल्क किंवा दंडाच्या ७.५ टक्के आधी भरावे लागतात. आयुक्त (अपील) यांच्यानंतर सेस्टॅटमध्ये गेलात तर १० टक्के. अपिलाचा निकाल लागण्याआधी माल नष्ट होऊ नये म्हणून स्थगितीचा अर्ज वेगळा करा, अपील दाखल केलं म्हणजे ती आपोआप मिळाली असं समजू नका.

घरगुती वापरासाठी मागवलेलं लहान पार्सल किंवा प्रवासी सामानातल्या, व्यापारासाठी नसलेल्या वस्तू नियम १२ ने या कारवाईतून वगळलेल्या आहेत. तिथे उत्तर छोटं ठेवा: वस्तू किती, कोणासाठी, पैसे कसे दिले. एकाच मॉडेलच्या डझनभर वस्तू असतील तर मात्र ‘वैयक्तिक’ हे कोणी मानत नाही.

माल सुटल्यावर

झालेलं नुकसान विसरून जाऊ नका. हक्कधारकाने नियम ५ खाली जो बाँड दिलेला असतो, त्यात आयातदाराला आणि मालाच्या मालकाला दायित्वांपासून संरक्षण देण्याची हमी असते. चुकीच्या अडवणुकीबद्दल अर्जदाराकडून भरपाई देवविण्याचा अधिकार यंत्रणेला असावा, असं ट्रिप्सचं कलम ५६ सांगतं. गोदामभाडं, डिटेन्शन, तपासणी खर्च, रद्द झालेल्या ऑर्डरी यांची बिलं जोडून आधी हक्कधारकाला मागणीची नोटीस द्या आणि मगच दिवाणी दाव्याचा विचार करा. कोर्टात न जाता तो नुसत्या धमक्याच देत राहिला, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली निराधार धमक्यांविरुद्ध दावा करता येतो.

सुटकेच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. त्याच पुरवठादाराकडून पुढचा माल निघेल तेव्हा ती प्रत, नंबर जुळवलेला तक्ता आणि वितरकाची बिलं कस्टम्स ब्रोकरकडे जहाज पोचायच्या आधी देऊन ठेवा, म्हणजे हरकत आली तर पहिल्याच दिवशी उत्तर दाखल करता येईल.